महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : वेशीबाहेरच्यांची विचारपूस करणारा थोर पुरुष

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा हे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे नाव आम्ही सुचविले, तेव्हा एका सन्मान्य सभासदांनी शंका काढली की, हे गृहस्थ तर आपल्या ज्ञातीचे नव्हेत. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी? शंका अगदी रास्त होती आणि तिचे उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे. परंतु ते उत्तर आरंभीच न देता चरित्राच्या अखेरीस द्यावे, असे आम्ही योजिले आहे. वाचक बंधुभगिनींनी तोवर धीर धरावा, ही विनंती.

विठ्ठल रामजींचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. हे गाव त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानची राजधानी होते. आज ते कर्नाटक राज्यात मोडते. घरात मराठी आणि दारात कानडी, अशा दोन भाषांत हे मूल वाढले. वडील रामजीबाबा हे वारकरी पंथाचे. त्यांच्या घरी साधुसंतांचा राबता असे आणि येणाऱ्याची जात पाहण्याची चाल त्या घरात फारशी नव्हती. आई यमुनाबाई या सोशिक व प्रेमळ होत्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे विठ्ठलरावांचा विवाह बालवयातच झाला. घरची स्थिती बेताचीच होती. तथापि मुलाची बुद्धी तल्लख, म्हणून १८९१ साली त्यांनी जमखंडीतच मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली आणि पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. पदरी पैसा नसलेल्या या विद्यार्थ्याचे शिक्षण कसे पार पडले? कै. गंगारामभाऊ म्हस्के यांनी पुण्यात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन नावाची संस्था स्थापन केली होती. मराठा समाजातील होतकरू मुलांस शिष्यवृत्ती द्यावी, हा तिचा हेतू. विठ्ठलरावांस या संस्थेचे साहाय्य मिळाले. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीही त्यांस मदतीचा हात दिला. म्हणजे आपल्या संस्थेसारख्याच एका संस्थेच्या ओंजळभर पाण्यावर हे रोप वाढले. १८९८ साली ते बी. ए. झाले. पुढे कायद्याचा अभ्यास करण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु वकिली करून घर भरावे, असा त्यांच्या मनाचा ओढा नव्हता. त्याच सुमारास ते प्रार्थना समाजाचे सभासद झाले आणि धर्मकार्यास वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय झाला.

१९०१ साली त्यांची निवड विलायतेतील ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी झाली. तेथे दोन वर्षे राहून त्यांनी जगातील धर्मांचा अभ्यास केला. परंतु केवळ ग्रंथालयात बसून राहणारा हा विद्यार्थी नव्हता. सुटीत तो शहरांच्या दरिद्री वस्त्यांतून हिंडे. तेथे युनिटेरियन पंथाचे लोक गरिबांसाठी जे काम करीत, ते जवळून पाही. धर्म म्हणजे केवळ उपासना नव्हे, तर उपाशी शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याची चौकशी करणे, हाही धर्मच, हा धडा त्यांनी तेथे गिरविला.

तो काळच असा होता की, जगात ठिकठिकाणी काही विचारवंत पुरुष दारिद्र्याची आणि विषमतेची शास्त्रशुद्ध पाहणी करू लागले होते. लंडन शहरात चार्ल्स बूथ या धनिक व्यापाऱ्याने तेथील गोरगरिबांच्या राहणीची पाहणी अनेक वर्षे चालविली होती. अमेरिकेत विल्यम ड्यू बॉइस या निग्रो विद्वानाने फिलाडेल्फिया शहरातील आपल्या समाजबांधवांच्या घरोघर जाऊन, त्यांचे धंदे, भाडे, शिक्षण व आजार यांची माहिती गोळा केली आणि १८९९ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोरे लोक म्हणत की, हे काळे लोक जात्याच आळशी व गुन्हेगार. ड्यू बॉइस यांनी दाखवून दिले की, ज्यास चांगले काम मिळत नाही आणि चांगले घर भाड्याने मिळत नाही, त्याच्या माथी दोष मारणे म्हणजे आधी पाय बांधायचे आणि मग पळत नाही म्हणून हसायचे! विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आमच्या देशात हेच काम विठ्ठल रामजींनी हाती घेतले, हे त्यांचे खरे मोठेपण होय.

१९०३ साली मायदेशी परतल्यावर ते मुंबईस प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. प्रचारासाठी त्यांचा प्रवास सतत चाले. सयाजीराव महाराजांच्या इच्छेनुसार त्यांनी बडोदे संस्थानातील अंत्यज मुलांच्या शाळा पाहून त्यांविषयी अहवाल सादर केला. १९०५ साली अहमदनगरजवळील भिंगार येथे महार बांधवांनी भरविलेल्या एका सभेस ते गेले. दिवसभर काबाडकष्ट करणाऱ्या माणसांस दिवसा सभा कोठली? ती रात्री उशिरा भरली होती. त्या मंडळींनी आपली गाऱ्हाणी त्यांच्यापुढे मांडली. त्या रात्रीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली, असे चरित्रकार मानतात.

एखादा हळव्या मनाचा गृहस्थ असता तर त्याने दोन अश्रू ढाळले असते आणि चार रुपये देऊन तो परतला असता. विठ्ठलरावांनी निराळेच केले. हे लोक आहेत तरी किती, राहतात कोठे, कोणत्या प्रांतात त्यांस कोणत्या नावाने ओळखतात, त्यांची किती मुले शाळेत जातात, हे त्यांनी शोधण्यास आरंभ केला. सरकारी खानेसुमारीचे अहवाल त्यांनी चाळले. या अहवालांत प्रत्येक प्रांताची तऱ्हा निराळी. एका प्रांतात जी जात विटाळाची मानीत, ती दुसऱ्या प्रांतात तशी मानीत नसत. ही सारी आकडेमोड पडताळून त्यांनी दाखविले की, या देशात पाच कोटींहून अधिक माणसे वेशीबाहेर ठेवलेली आहेत. आजवर हा प्रश्न एखाद्या गावाचा, एखाद्या जातीचा म्हणून समजला जात होता; तो साऱ्या राष्ट्राचा आहे, हे या आकड्यामुळे शहाण्यासुरत्या लोकांच्या ध्यानी आले. दयेची भाषा ऐकून घेऊन विसरता येते. आकडा मात्र विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळाची स्थापना केली. इंग्रजीत ही संस्था डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते आणि विठ्ठलराव चिटणीस. दामोदरदास सुखडवाला या उदार गृहस्थांनी द्रव्यसाहाय्य केले. शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, मुलांस शिवणकाम, सुतारकाम, पुस्तकबांधणी असे धंदे शिकविण्याची सोय केली. विठ्ठलरावांच्या भगिनी जनाबाई यांनी या कामास वाहून घेतले. त्या वस्तीत जाऊन बायकामुलांत मिसळत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. हळूहळू पुणे, हुबळी इत्यादी ठिकाणी मंडळाच्या शाखा निघाल्या. पुण्यातील इमारतीस इंदूरच्या होळकर महाराजांच्या देणगीमुळे अहिल्याश्रम हे नाव मिळाले.

शिंदे कुटुंब या मुलांच्या वसतिगृहातच राहत असे. आज ही गोष्ट वाचताना साधी वाटेल. त्या काळी तिची किंमत काय होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होते. जो अस्पृश्यांच्या पंक्तीस बसला, त्यास स्वतःच्या ज्ञातीची पंक्ती बंद होई. विठ्ठलरावांस स्वजनांचे टोमणे सोसावे लागले, आणि प्रार्थना समाजातही त्यांचे सर्वांशी पटले नाही. १९१० साली त्यांनी त्या समाजाचे प्रचारकपद सोडले. परंतु कामात खंड पडला नाही.

१९१७ साली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेत अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत झाला. त्यामागे विठ्ठलरावांनी अनेक वर्षे केलेल्या खटपटीचा मोठा वाटा होता. १९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईस अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. सयाजीराव महाराज अध्यक्षस्थानी होते. लोकमान्य टिळकांनी परिषदेत अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. परंतु अस्पृश्यता स्वतः न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. आम्ही ही गोष्ट कोणास कमीपणा आणण्यासाठी लिहीत नाही. व्यासपीठावर बोलणे एक आणि घरच्या पाण्याच्या घागरीपर्यंत तो विचार नेणे दुसरे, हे अंतर थोरामोठ्यांसही तोडता येत नव्हते, एवढेच सांगावयाचे आहे. तुमच्याआमच्यासारख्यांची कथा काय?

आता या चरित्रातील कठीण प्रसंग सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ज्यांच्यासाठी हा पुरुष झिजला, त्यांच्याच पुढाऱ्यांशी त्याचा मतभेद झाला. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे मताधिकाराच्या प्रश्नावर विठ्ठलरावांचीही साक्ष झाली आणि तरुण भीमराव आंबेडकर यांचीही. आमच्या वतीने दुसऱ्याने का बोलावे, आमचे आम्ही बोलू, अशी जाणीव त्या समाजात जागी होत होती. विठ्ठलरावांस हिंदू समाजात फूट नको होती. ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे राहिले. डॉ. आंबेडकरांचा मार्ग निराळा झाला. मंडळाचा कारभारही आता आमच्या हाती असावा, अशी मागणी अस्पृश्य वर्गातील शिकलेल्या तरुणांकडून होऊ लागली. त्यातील बरेच तरुण मंडळाच्याच शाळांतून शिकलेले!

अशा वेळी मनुष्यास कृतघ्नतेचे बोल सुचतात. विठ्ठलराव दुखावले नसतील, असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९२३ साली ते मंडळाच्या कारभारातून बाजूस झाले. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास यात खेदाचे काही दिसत नाही. विद्यार्थी गुरूच्या तोंडावर प्रश्न विचारू लागला, म्हणजे शिकवणे फुकट गेले नाही, असे समजावे.

कारभार सुटला, तरी अभ्यास सुटला नाही. पुढे ब्राह्मसमाजाच्या कार्यासाठी ते मंगळूरकडे गेले. केरळात फिरून तेथील पुलया, चेरुमा इत्यादी जातींची दैना त्यांनी पाहिली. तिकडे तर केवळ स्पर्शाचाच नव्हे, तर काही पावलांच्या अंतराचाही विटाळ मानीत असत. १९२७ साली ते ब्रह्मदेशात गेले. बौद्धांचा तो देश. तेथे जातिभेद नाही, असे सर्व सांगत. परंतु विठ्ठलरावांच्या चौकस दृष्टीस तेथेही पॅगोडांचे पिढीजात गुलाम म्हणून समाजाबाहेर ठेवलेले लोक आढळले. धर्म बदलला, देश बदलला, भाषा बदलली, तरी थोड्या व दुबळ्या लोकांस बाजूस ढकलण्याची मनुष्याची खोड बदलत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविले.

मधल्या काळात १९३० च्या कायदेभंगात भाग घेऊन त्यांनी येरवड्याचा तुरुंगवासही भोगला. पुढे १९३३ साली त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुमारे तीस वर्षांच्या पायपिटीचे हे सार होय. वेद, स्मृती, बौद्ध ग्रंथ, शिलालेख, खानेसुमारी, जातींच्या नावांची व्युत्पत्ती, गावगाड्यातील हक्क आणि स्वतः पाहिलेल्या वस्त्या, या सर्वांचा धांडोळा त्यात आहे. पूर्वजन्मीच्या पापामुळे कोणी अस्पृश्य जन्मतो, हे मत त्यांनी झिडकारले. आज हीन गणले जाणारे अनेक समाज एके काळी स्वतंत्र होते आणि जेत्यांनी त्यांस बहिष्कृत केले, अशा दिशेने त्यांनी विचार मांडला. पुढे १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहून निराळा सिद्धांत मांडला. कोणाचा कोणता सिद्धांत कितपत टिकला, हे ठरविण्याइतकी आमची विद्वत्ता नाही. परंतु एक गोष्ट दोघांनीही सिद्ध केली, ती ही की, विषमता आकाशातून पडत नाही. ती माणसे घडवितात, म्हणून माणसांस ती मोडताही येते.

अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती खालावली. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. पैसा त्यांनी मिळविला नाही, अधिकार त्यांच्या वाट्यास आला नाही. सवर्ण त्यांस आपले म्हणेनात आणि अस्पृश्यही पूर्णपणे आपले म्हणेनात. दोन्ही काठांमधील हा पूल होता. पुलावर घर कोणी बांधीत नाही, परंतु त्यावरून माणसे पलीकडे जातात.

आता आरंभी दिलेल्या वचनाप्रमाणे त्या शंकेचे उत्तर देतो. त्यासाठी आमची स्वतःची एक चूक वाचकांपुढे कबूल करणे भाग आहे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षक झालो, तेव्हा आमची पहिली नेमणूक कोकणातील एका लहानशा शाळेत झाली. वर्गात एक कातकरी मुलगा होता. गणितात चलाख, पाढे आमच्याआधी म्हणून दाखवी. दिवाळीची सुटी संपली आणि तो आला नाही. आम्ही हजेरीपटावर रोज गैरहजर अशी खूण केली आणि काही दिवसांनी लाल शाईने त्याचे नाव कमी केले. नियमाप्रमाणे आमचे चुकले नव्हते. परंतु शाळेपासून त्याची वाडी अर्ध्या कोसावर होती आणि आम्ही तेथे गेलो नाही. पावसाळा सरला की, या लोकांस आगाऊ उचल देऊन वीटभट्टीवर व कोळशाच्या भट्टीवर नेतात. बापाबरोबर आई जाते, आईबरोबर मुले जातात आणि जून लागेपर्यंत वाडी ओस पडते, हे आम्हांस फार वर्षांनी कळले. एका माणसास एक प्रश्न विचारला असता, तर ते त्याच आठवड्यात कळले असते. मुले आळशी, आईबाप बेफिकीर, असे शिक्षकांच्या खोलीत आम्हीही म्हणत होतो. सर्वांनी आखून दिलेली गोष्ट आम्ही तपासून पाहिली नाही. शिंद्यांच्या आयुष्याची आठवण झाली की, त्या लाल रेघेची आठवण होते.

आज आम्ही खांदा कॉलनीत सुखाने राहतो. १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर या भागाचे रूप पालटले. शेताच्या जागी इमारती आल्या आणि नोकरीधंद्यानिमित्त गावोगावची मंडळी येथे स्थायिक झाली. आपली ज्ञातिसंस्थाही त्यातूनच उभी राहिली. परंतु याच पनवेल तालुक्यात, कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या डोंगरपायथ्याशी, कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आहेत. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातील अतिशय दुर्बल गणलेली आदिवासी जमात आहे. एके काळी खैराच्या झाडापासून कात करणारे हे लोक जंगलाचे राजे होते. आज त्यांतील कित्येकांस राहत्या झोपडीखालची जमीनही आपली म्हणता येत नाही. आपल्या इमारतींच्या विटा कोणी थापल्या, हे आपण कधी विचारले आहे काय?

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपल्या सभासद कुटुंबांची यादी आहे. कोणाचा मुलगा इंजिनिअर झाला, कोणाची कन्या डॉक्टर झाली, कोणास शिष्यवृत्ती मिळाली, हे सारे तीत अभिमानाने नोंदविलेले आहे. नोंदवावेच, म्हस्क्यांच्या संस्थेनेही आपल्याच समाजाच्या मुलांपासून आरंभ केला होता. परंतु त्या संस्थेने वाढविलेल्या विद्यार्थ्याने ज्यांची यादी कोणीच करीत नव्हते, त्यांची यादी केली. शिष्यवृत्तीचे खरे फळ ते. म्हणून परक्या ज्ञातीच्या या पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत!

आमची कार्यकारी मंडळास दोन नम्र सूचना आहेत. पुढील वर्षी स्मरणिकेची चार पाने राखून ठेवावीत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, रखवालदार, सफाई करणारे, जवळपासच्या बांधकामांवरील मजूर, यांच्याकडे आपल्या तरुणतरुणींनी जाऊन विचारपूस करावी. ते कोठून आले, मुले शाळेत जातात का, शिधापत्रिका आहे का, जातीचा दाखला मिळाला का, आजारपणात कोठे जातात, एवढेच प्रश्न पुरेत. त्यांस उपदेश करू नये. ते जे सांगतील ते लिहून घ्यावे, आणि लिहिलेले त्यांस वाचून दाखवावे. दुसरी सूचना अशी की, संस्थेच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक तरी आपल्या ज्ञातीबाहेरच्या, वाडीवरील मुलास किंवा मुलीस द्यावी. पहिल्या वर्षाचा निम्मा भार आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून उचलू.

या सूचना सर्वांस रुचतील, असे नाही. मंडळाच्या बैठकीत त्यांवर वादही होईल, तो अवश्य व्हावा. मात्र वाद करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरी काम करणाऱ्या बाईस तिचे गाव आणि मुलांची नावे विचारून यावे, एवढीच आमची अट आहे. आम्ही स्वतः हे लिहिण्यास बसण्यापूर्वी तसे विचारले. बाई आमच्या घरी नऊ वर्षे येत आहे. तिच्या थोरल्या मुलीने शाळा सोडल्यास दोन वर्षे झाली, हे आम्हांस त्या दिवशी कळले. ती मुलगी आता सायंकाळी आमच्याकडे गणित शिकण्यास येते.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.